पावसाळ्यातल्या चादरींचा कुबट वास: सुगंधाच्या आधी कोरडेपणा

ऐरोलीला खाडीच्या बाजूच्या इमारतीत राहणाऱ्या एका गृहिणीने विचारले आहे: "जूनपासून चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला मशीनमध्ये धुते, सुगंधी कंडिशनर दुप्पट घालते, कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत. धुऊन घडी करताना वास नसतो, पण अंथरल्यावर दुसऱ्या रात्री कुबट वास येतो. घरात दम्याचे सासरे आहेत, आठ महिन्यांचे बाळ आहे, आणि पाहुण्यांसाठीच्या गोधड्या बॉक्स बेडमध्ये आहेत. चादरींना छान सुवास राहावा यासाठी काय करावे?"

ठाणे आणि वाशी येथील हॉटेलांच्या लिनन खात्यांत माझी सत्तावीस वर्षे गेली. चादरी, अभ्रे, टॉवेल यांची मोजदाद, धुलाई आणि साठवण हेच माझे काम होते, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देते.

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे की घडी करताना वास नसतो आणि अंथरल्यावर दुसऱ्या रात्री येतो. याचा अर्थ वास बाहेरून लागत नसून तो कापडातच दडून बसलेला आहे आणि अंगाची ऊब व घामाची ओल मिळाली की पुन्हा जागा होतो. अर्धवट वाळलेल्या कपड्यांना येणाऱ्या या वासामागे मुख्यतः मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असतो, असे जपानी संशोधकांनी 2012 साली दाखवून दिले. कापडात राहिलेला घाम, त्वचेचा स्निग्धांश आणि साबणाचा अंश यांवर तो जगतो आणि त्यातून उग्र वासाचे आम्ल तयार करतो. कोरडेपणातही तो तग धरतो, आणि गार पाण्याच्या धुलाईने पूर्णपणे जात नाही. म्हणून कंडिशनर दुप्पट करून उपयोग होत नाही. उलट कंडिशनरमधील स्निग्ध द्रव्यांचा थर सुती धाग्यावर बसतो, कापड पाणी कमी शोषते, पुढच्या धुलाईत मळ नीट सुटत नाही, आणि त्या थराखाली वास आणखी घट्ट बसतो. आपण सुगंध वाढवत गेलात, त्याबरोबर वासाचे घरही भक्कम होत गेले.

ही चूक मी स्वतः पाहिली आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जुलै महिन्यात, आमच्या हॉटेलात चादरींना वास येतो अशी तक्रार पाहुण्यांकडून येऊ लागली, तेव्हा आम्ही शेवटच्या पाण्यात सुगंधी द्रव्य वाढवले आणि तक्रारी आणखी वाढल्या. आमच्या जुन्या सुपरवायझर बाईंनी काही न बोलता चाळीस चादरींच्या थप्पीच्या मधोमध हात घातला आणि मला तसेच करायला सांगितले. वरची चादर कडक, कोरडी होती, पण मधल्या घड्यांमध्ये हात कोमट आणि दमट लागला. रोलरच्या इस्त्रीतून निघालेल्या गरम चादरी वाफ न जिरवताच एकावर एक रचल्या जात होत्या आणि ती वाफ थप्पीच्या पोटात अडकत होती. त्या दिवसापासून चादरी गार झाल्याशिवाय रचायच्या नाहीत असा नियम झाला. पुढच्या आठवड्यापासून तक्रारी हळूहळू थांबल्या. सुगंधी द्रव्य आम्ही पूर्वीइतकेच ठेवले होते.

आपण सुरुवात एका परीक्षेपासून करावी. धुऊन वाळवलेली, कपाटात ठेवलेली एक चादर घ्यावी आणि स्वच्छ टबात, साबण न घालता, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पाचदहा मिनिटे भिजवून हाताने खळबळावी. पाणी निसरडे लागले, कडेला फेस जमला किंवा पाण्यावर राखाडी झाक आली, तर "धुतलेल्या" चादरीत साबण, कंडिशनर आणि मळ यांचा साठा आहे असे समजावे. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते आणि ते बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याच्या मानाने मृदू असते, त्यामुळे त्यात फेस लवकर येतो आणि साबण कमी लागतो. आपल्याकडे पावडर घालताना हात सैल सोडण्याची सवय असते. टँकरचे पाणी येणाऱ्या सोसायटीत ती एकवेळ खपून जाते, धरणाच्या पाण्यात मात्र साबण चादरीतच राहतो. आठवड्याभराच्या साध्या वापराच्या चादरींना पाकिटावरील मापापेक्षा थोडी कमीच पावडर घालावी आणि खळबळण्याची एक फेरी जास्त द्यावी, असा माझा अनुभव आहे.

साठलेला थर एकदा पूर्ण उतरवावा लागेल. पांढऱ्या किंवा पक्क्या रंगाच्या सुती चादरी एका मोठ्या बादलीभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून त्यात रात्रभर न ठेवता तीन-चार तास भिजवाव्यात. नंतर मशीनमध्ये 60 अंशांवर, नेहमीच्या निम्म्या साबणाने, कंडिशनर न घालता धुवाव्यात. 60 अंशांच्या पाण्याने धुळीतले सूक्ष्म किडे मरतात आणि त्यांच्यामुळे दम्याच्या माणसाला होणारा त्रास कमी होतो, त्यामुळे सासऱ्यांच्या चादरी आणि अभ्रे नेहमीच या तापमानावर धुवावेत. रंगीत किंवा छापील चादरींचा रंग आधी कोपऱ्यावर तपासावा. सोलापुरी चादर पहिल्यांदा धुताना रंग सोडते का हे पाहावे आणि ती वेगळी धुवावी.

शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालणे हा चांगला उपाय आहे, कारण साबणाचा उरलेला क्षारांश त्याने निघतो आणि वाळल्यावर व्हिनेगरचा वास राहत नाही. तो दर धुलाईला घालू नये, महिन्यातून एकदोनदा पुरे, कारण वारंवार वापरल्यास मशीनमधील रबराचे भाग खराब होऊ शकतात. एक गोष्ट मात्र घरातील सर्वांना आणि कामाला येणाऱ्या ताईंना स्पष्ट सांगून ठेवावी: व्हिनेगर आणि क्लोरीनचे ब्लीच कधीही एकत्र करू नयेत. त्यातून निघणारा क्लोरीन वायू कोणालाही घातक आहे, आणि बंद बाथरूममध्ये दम्याच्या माणसाला तर जीवघेणा ठरू शकतो.

मशीनही तपासावे. समोरून उघडणाऱ्या मशीनच्या दाराचा रबर दोन्ही बोटांनी दुमडून आत पाहिले, तर बहुतेक घरांत काळे ठिपके आणि चिकट साय दिसते. तेथून प्रत्येक चादरीला वासाची लागण होते. धुलाईनंतर दार आणि पावडरचा खण उघडा ठेवावा, रबर कोरड्या फडक्याने पुसावा आणि महिन्यातून एकदा मशीन रिकामे ठेवून सर्वांत गरम फेरी चालवावी. ओल्या चादरी मशीनमध्ये तासभरही पडून राहू देऊ नयेत. सकाळी ऑफिसला निघताना मशीन लावून संध्याकाळी कपडे काढणे ही आपल्याकडील नोकरदार घरांची अडचण मला समजते, पण अशा वेळी मशीनवर वेळ लावून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी आणि घरी पोहोचण्याच्या सुमारास फेरी संपेल असे पाहावे.

आता मुख्य गोष्ट, वाळवणे. चादर किती मळली यापेक्षा ती किती तास ओली राहिली हे वासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. माझ्या अनुभवात मशीन थांबल्यापासून सात-आठ तासांच्या आत चादर पूर्ण वाळली तर तिला सहसा वास येत नाही, आणि रात्रभर ओली राहिली तर कितीही उत्तम साबणाने धुतलेली असली तरी येतो. यावरून माझा पहिला नियम असा की, ज्या दिवशी चादर वाळवता येणार नाही त्या दिवशी ती धुऊच नये. पावसाची झड लागलेली असताना आठवड्याचा वार पाळण्यासाठी धुतलेली चादर, दोन दिवस उशिरा धुतलेल्या चादरीपेक्षा जास्त वास देते. मात्र घामेजलेली चादर तोपर्यंत बादलीत कोंबून ठेवू नये, दोरीवर मोकळी टाकून ठेवावी. त्यासाठी प्रत्येक पलंगामागे तीन संच असणे सोयीचे असते: एक अंथरलेला, एक धुण्यात आणि एक कपाटात विसावलेला. हॉटेलांतही हाच हिशेब असतो. विसावा मिळालेले सुती कापड जास्त टिकते.

वाळवण्याआधी मशीनची पिळण्याची फेरी दोनदा चालवावी. त्यासाठी लागणारी वीज पुढच्या कित्येक तासांच्या ओलीपेक्षा स्वस्त पडते. छताला लटकणाऱ्या, दोरीने वरखाली होणाऱ्या वाळवणीच्या दांड्यांवर आपण बहुधा चादर दुहेरी करून एकाच दांडीवर टाकत असाल. तसे केल्याने दोन पदर एकमेकांना चिकटून आतली बाजू ओलीच राहते. चादर एक सोडून एक अशा तीन दांड्यांवर टाकावी, म्हणजे तिच्या मधून खाली दोन झोळ पडतात आणि हवा दोन्ही बाजूंनी खेळते. अर्ध्या वेळाने तिची बाजू बदलावी. बाल्कनीत पावसाचे तुषार येत नसतील तरी बाहेरील हवा इतकी दमट असते की तेथे चादर तासन्‌तास तशीच राहते. अशा दिवशी आतल्या एका खोलीची दारे-खिडक्या बंद करून, पंखा पूर्ण वेगाने लावून, वातानुकूलन यंत्र ड्राय मोडवर चालवावे. माझ्या अनुभवात घट्ट पिळलेली डबल चादर अशा खोलीत तीन-चार तासांत वाळते. यंत्र नसेल तर टेबलफॅनचा झोत वाळवणीवर थेट सोडावा, आणि पावसाचा जोर ओसरून कोरडा वारा सुटेल तेव्हाच खिडकी उघडावी. नुसत्या बंद खोलीत, पंखा न लावता वाळवणे मात्र सर्वांत वाईट, कारण कापडातील ओल हवेत जाते आणि हवेतून भिंतीत आणि कपाटात शिरते.

वाळली की नाही हे मधल्या भागावरून ओळखू नये. चादरीची दुमडलेली किनार आणि चार कोपरे, विशेषतः इलॅस्टिकच्या चादरीचे, सर्वांत शेवटी वाळतात. तो भाग गालाला किंवा ओठाला लावून पाहावा. गार लागला तर ओल आहे. हाताला कोरडे वाटणारे कापडही गालाला गार लागते, आणि ही परीक्षा मला आजवर चुकलेली आठवत नाही. उरलेली ओल इस्त्रीने काढावी, पण इस्त्री केलेली चादर गरम असताना कपाटात ठेवू नये. खुर्चीच्या पाठीवर किंवा दोरीवर अर्धा तास मोकळी टाकावी आणि पूर्ण गार झाल्यावरच घडी करावी. पावसाळ्यात चादरींना साबुदाण्याची किंवा तांदळाची खळ करू नये, कारण ओल धरलेल्या खळीवर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. खळीचा कडकपणा हवाच असेल तर तो ऑक्टोबरनंतर.

चादरी सुधारल्या तरी वास राहिला, तर उशांकडे पाहावे. आपल्याकडे रात्री केसांना खोबरेल तेल लावून झोपण्याची पद्धत आहे. ते तेल अभ्र्यातून उशीत उतरते, हवेने खवट होते आणि त्याचा वास आपण चादरीचा समजतो. उशीला अभ्र्याच्या आत आणखी एक साधे सुती कव्हर घालावे, बाहेरचा अभ्रा तीन दिवसांनी आणि आतले कव्हर महिन्याने बदलावे. तेलकट अभ्र्यावर धुण्यापूर्वी भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब चोळून गरम पाण्यात ठेवले तर तेल सुटते. तेल लावायच्या रात्री उशीवर जुना पंचा टाकणे सर्वांत सोपे.

सकाळी उठल्याबरोबर पलंगपोस ओढून घेण्याची घाई करू नये. रात्रभरचा घाम आणि बाष्प गादीत व चादरीत असते, ते पलंगपोसाखाली कोंडले जाते. पांघरूण पायथ्याशी सरकवून, पंखा सुरू ठेवून अर्धा तास अंथरूण उघडे ठेवावे. अंथरूण तसेच दिसले तर आई रागवायची, हे मला ठाऊक आहे, पण त्या काळी गाद्या गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या जात आणि त्यांना दिवसभर हवा लागे. आजच्या पलंगावरील गादीला ती मोकळीक मिळत नाही.

बॉक्स बेडमधील गोधड्यांबद्दल मला काळजी वाटते. तळाशी प्लायवूड, वर गादी आणि चारही बाजू बंद, अशा जागी ओल शिरते पण बाहेर पडत नाही. गोधडी अनेक पदरांची असल्यामुळे वरून कोरडी वाटली तरी तिच्या पोटात ओल राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडली जाते, म्हणून गोधड्या जुन्या सुती साडीत किंवा धोतरात सैल गुंडाळून ठेवाव्यात. पावसाची उघडीप मिळेल त्या दिवशी बेडचे झाकण दोन तास उघडे ठेवून आत टेबलफॅनचा झोत सोडावा. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बाजारात मिळतात, ते एका कोपऱ्यात ठेवावेत आणि साठलेले पाणी गोधडीवर सांडणार नाही याची काळजी घ्यावी. कपाटही बाथरूमच्या किंवा पावसाचा मार खाणाऱ्या भिंतीला टेकलेले असेल तर चार बोटे पुढे ओढावे.

डांबराच्या गोळ्या आजच काढून टाकाव्यात. त्यांतील नॅप्थॅलीनची वाफ बाळाच्या पांघरुणात राहते, आणि जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यामुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बहुतेक घरांना बाळात ही कमतरता आहे की नाही हे ठाऊक नसते. बाळाच्या चादरी, दुपटी आणि गोधड्या गोळ्यांच्या वासाच्या असतील तर दोनदा धुऊन, उन्हात घालून मगच वापराव्यात. कापरालाही बाळाच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नये, कारण थोडा कापूर पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात.

हे सर्व झाल्यावर सुगंधाचा विचार करता येईल, आणि आपल्याकडे त्यासाठी उत्तम साधने आहेत. माझी पहिली पसंती वाळ्याला आहे. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात, किंवा कोणत्याही काष्ठौषधींच्या दुकानात, वाळ्याच्या मुळांच्या जुड्या मिळतात. एक जुडी मलमलच्या पिशवीत बांधून चादरींच्या मधल्या घडीत ठेवावी. त्याचा मातीसारखा गार वास कापडात हळूहळू उतरतो, डोक्यात चढत नाही. चारेक महिन्यांनी वास मंदावला की जुडीवर पाण्याचा हबका मारून ती हाताने चुरावी आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावी, म्हणजे वास पुन्हा जागा होतो. ओली जुडी कपाटात ठेवल्यास तीच बुरशीचे कारण होते. उन्हाळ्यात बकुळीच्या झाडाखाली पहाटे पडलेली फुले वेचून सावलीत वाळवली तर त्यांचा वास महिनोन्‌महिने राहतो. आमच्या आजीच्या पेटीत लुगड्यांच्या घड्यांमध्ये बकुळीचे वाळलेले गजरे असत आणि झाकण उघडल्यावर येणारा तो वास मला अजून आठवतो. केवड्याचे पान, वाळलेला दवणा आणि मरवा हेही चालतात, मात्र दवणा उग्र असल्याने एखादीच काडी पुरते. अत्तर किंवा सुगंधी तेल चादरीवर थेट टाकू नये, डाग पडतो. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेऊन तो बोळा लहान डबीत, झाकणाला भोके पाडून, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवावा.

सासऱ्यांच्या पलंगावर मात्र यांपैकी काहीही ठेवू नये. उदबत्ती, धूप, खोलीत मारायचे सुगंधी स्प्रे आणि बाळाच्या अंथरुणाला देण्याची धुरी, यांनी दमेकऱ्याचा श्वास अडू शकतो, आणि सात्त्विक वाटणारा धूर हा अखेर धूरच असतो. बाळालाही त्याची गरज नाही. त्या दोघांच्या चादरींना उन्हाचा वास पुरेसा आहे. तो वास खरोखर असतो: ओल्या सुती कापडावर ऊन पडले की ॲल्डिहाइड आणि कीटोन वर्गातील सुवासिक द्रव्ये तयार होतात, म्हणून उन्हात वाळलेली चादर सावलीत वाळलेल्या चादरीपेक्षा वेगळा वास देते. कोरडी चादर नंतर उन्हात नेऊन तो परिणाम मिळत नाही, ओलीच घालावी लागते.

त्यामुळे ऑक्टोबरचे कडक ऊन येईल तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीआधी दोन दिवस यासाठी राखून ठेवावेत. सोसायटीच्या गच्चीची परवानगी आधीच मागावी. पहिल्या दिवशी गोधड्या आणि कापसाच्या गाद्या सकाळी दहा ते तीन उन्हात घालाव्यात, दुपारी उलटाव्यात आणि काठीने झोडपाव्यात. फोमच्या गादीला थेट कडक ऊन देऊ नये, ती पिवळी पडून ठिसूळ होते, तिला खिडकीजवळ उभी करून वारा द्यावा. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या चादरी उन्हात वाळवाव्यात. रस्त्याकडच्या किंवा बांधकामाकडच्या बाजूला धूळ असेल तर दोरी आधी ओल्या फडक्याने पुसावी आणि ऊन उतरायच्या आत चादरी काढाव्यात, कारण संध्याकाळी खाडीकडून येणारी दमट हवा त्या पुन्हा ओढून घेतात.